उघडतंय म्हणायचं नाही

आमच्या गिर्यारोहण क्लबात एक शब्द उच्चारायला बंदी आहे. शिव्यांना नाही, शिव्या चालतात. बंदी आहे ती ‘उघडतंय’ या शब्दाला. शुक्रवारी संध्याकाळी दरीतल्या क्वार्टरचं, म्हणजे क्लबाच्या मुक्कामाच्या घराचं, कुलूप काढल्यापासून रविवारी ते परत लावेपर्यंत जो कोणी पावसाकडे बघून ‘उघडतंय’ म्हणेल, त्याने त्या रात्रीची सगळ्यांची भांडी घासायची. करपलेली, चिकट, ओटची लापशी वाळून दगड झालेली, सगळी. माणूस कितीही जुना असो, त्याला सूट नाही.

हा नियम टॉशमुळे आला. टॉश म्हणजे ज्याने क्लब काढला तो, आता नाही. एका शनिवारी खिडकीतून बघून तो म्हणाला, “उघडतंय, चला,” आणि अर्ध्या क्लबला बाहेर घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत ती मंडळी एका धोंड्याखाली कोंबून बसली होती. परत आल्यावर कोणी त्याच्याशी बोललं नाही. त्याने आपणहून बाह्या सरसावल्या आणि मोरीपाशी गेला. तेव्हापासून जो म्हणेल तो घासेल.

त्याचा परिणाम असा झाला की आमच्यापैकी कोणाला हा शब्द घरीसुद्धा म्हणवत नाही. लॅकी म्हणतो, “माझ्या चष्म्यावर पाणी जरा कमी झालंय.” मॉर्व्हन म्हणते, “मेंढ्यांचा रंग आज वेगळा वाटतोय.” मग रात्रीच्या जेवणानंतर खटला चालतो, की ही पळवाट की गुन्हा. न्यायाधीश मी, कारण क्वार्टरची किल्ली माझ्याकडे असते. मी रोना. स्टोव्हवरच्या दोरीवर मोजे कोणाचे आणि ते तिथे का, हे विचारण्यात माझे शनिवार-रविवार जातात.

ड्युगी या शब्दापायी कधीच सापडला नाही. पेझली गावात तो प्लंबर होता, आता निवृत्त. आठवडाभर लोकांच्या घरातल्या पाण्यात हात घालायचा आणि शनिवारी आमच्याबरोबर आभाळातल्या पाण्यात उभा राहायचा. मुळात बोलणं कमी. पाऊस कसा आहे विचारलं तर म्हणायचा, “आहे.” थांबला का विचारलं तरी, “आहे.”

तीन हजार फुटांच्या वरच्या डोंगरांना आम्ही मन्रो म्हणतो. या देशात ते दोनशे ऐंशीच्या वर आहेत आणि ते सगळे पायाखाली घालायचे हे वेड इथे भल्याभल्यांना लागतं. लॅकीने त्याचे सगळे दहा-बारा वर्षांपूर्वी पुरे केले. हॉल घेऊन पार्टी दिली, अॅकॉर्डियनवाला बोलावला, आणि आजही ओळख करून देताना तो आधी मन्रो सांगतो, मग आडनाव. ड्युगीचे एक सोडून सगळे झाले होते. तो एक म्हणजे बेन ड्रोमा, आमच्या क्वार्टरच्या मागचाच, आणि सगळ्यांत सोपा. तो तिथून वर्षानुवर्षं गाडी हाकत पुढे गेला पण चढला कधी नाही.

“म्हाताऱ्या, दाराबाहेरचा डोंगर का ठेवलायस?” लॅकी विचारायचा.

“असू दे,” ड्युगी म्हणायचा.

कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हा ड्युगीने एफीला विचारलं होतं, माझ्याबरोबर डोंगरावर येशील का. ती तेव्हा दोऱ्याच्या गिरणीत कामाला होती, दिवसभर उभी राहायची, आणि चालणं हा करमणुकीचा प्रकार असू शकतो हे तिला पटत नव्हतं. ती म्हणाली, “तू सगळे करून ये. शेवटच्याला मी येईन.” हा कसला सगळे करतोय, असं तिच्या मनात. आणि ड्युगीने मनाशी ठरवलं, शेवटचा सोपा ठेवायचा.

त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. एफीचे दोन्ही गुडघे आता कामातून गेले होते. एकाचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं होतं, त्यामागून दुसऱ्याचं. यापुढे चढउतार विसरा, असं डॉक्टर म्हणाले, आणि डॉक्टरने आपल्याला इतकं गोड काही आजवर सांगितलं नव्हतं असं ती सगळ्यांना सांगत फिरली. मग एक दिवस तिने ड्युगीला सांगितलं, “सप्टेंबरात तुमचा क्लब जातो त्या शनिवारी मी येते. ऊन असो, पाऊस असो. तेवढा एकच दिवस. पुन्हा मला विचारायचं नाही.”

डोंगर काही पळून जात नव्हता. ड्युगी एकटा केव्हाही जाऊ शकला असता. पण एफी बरोबर असलेला डोंगर त्याला एकदाच मिळणार होता.

तिने मला फोन केला. “पोरी, तिथे गरम पाणी आहे का?”

“नाही.”

“बरं. मग साबण जास्त आणते.”

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा दरी दिसतच नव्हती. नुसती रिपरिप नाही, वारा घेऊन आलेला आडवा पाऊस. वाळवायच्या खोलीत कोट टांगायला जागा उरली नव्हती आणि सगळ्या घराला ओल्या लोकरीचा वास सुटला होता. मला तो वास आवडतो. घरी आल्यासारखं वाटतं. एफी दारात उभी राहिली, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, हातात एक भलंमोठं गाठोडं. त्यात डंपलिंग होतं: बेदाणे, मसाला, गूळ घालून, फडक्यात बांधून सकाळपासून उकडलेलं.

“चाळीस वर्षं हा इथे येतो,” तिने चहूकडे नजर फिरवत म्हटलं. “मला वाटायचं दुसरी बाई असेल. ती असती तर बरं झालं असतं, निदान पडदे तरी लावले असते.”

ड्युगी हसला. तो इतका खुशीत होता की त्याने तिचे मोजे स्वतः दोरीवर घातले, आणि मी त्याला काही बोलले नाही.

सकाळी उठले तर पाऊस तसाच होता. ड्युगी लापशीचा वाडगा घेऊन खिडकीशी उभा होता. चमचा तोंडाजवळ न्यायचा, बाहेर बघायचा, चमचा परत खाली. त्याच्या मनात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. या पावसात तिला न्यायचं तर गुडघ्यांची वाट, आणि नाही न्यायचं तर कायमचं राहिलं.

“कसं आहे?” लॅकीने विचारलं.

“आहे.”

एफी आतून आली. “रोना, तू घोरतेस. आमच्या ड्युगीपेक्षा सुरात आहेस, पण घोरतेस.” मग नवऱ्याकडे बघून, “काय रे, असा चेहरा का केलायस?”

“एफी, आज नको. उद्या बघू.”

“उद्या रविवार. मी चर्चला जाते.”

“इथून कुठे चर्चला जाशील?”

“ते तू मला नको शिकवू. आज म्हणजे आज.” तिने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. “पोरांना शाळेत पावसातच सोडलं. तुझ्या आईला पावसातच पुरलं. आपलं लग्न झालं तेव्हा चर्चच्या दारात माझे बूट भिजून फुगले होते. हा पाऊस काही वेगळा आहे का?”

मॉर्व्हनने चहाचे थर्मास भरले.

सगळा क्लब निघाला. बेन ड्रोमा आम्ही सगळ्यांनीच आधी केलेला होता, काहींनी दोनदा. एक ड्युगीच राहिलेला. त्यामुळे नकाशा कोणी धरायचा हा प्रश्नच निघाला नाही. गेटातून आत, ओढा ओलांडायचा, मेंढ्यांची वाट धरून कड्याच्या डावीकडून वर, आणि मोठा दगडांचा ढीग लागला की आलं. टॉशने आम्हाला असंच सांगितलं होतं आणि आम्ही नव्या मंडळींना असंच सांगत आलो. वरून काय दिसतं असं कोणी विचारलं तर आमच्याकडे एकच उत्तर होतं, ढीग. कारण त्या डोंगरावर आमच्यापैकी प्रत्येकाला धुकंच मिळालेलं होतं. आमच्या क्लबाचं नशीबच तसं आहे, आणि आता आम्हाला त्याचा थोडा अभिमानही वाटतो.

ओढा फुगला होता. ड्युगी मधोमध जाऊन उभा राहिला, पाणी नडग्यांपर्यंत, आणि त्याने एफीला हात दिला. ती काठावर थांबली.

“चाळीस वर्षं लोकांच्या घरचं पाणी बंद केलंस,” ती म्हणाली. “हे बंद कर.”

“वॉशर नाही आणलेला,” ड्युगी म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं. लॅकी इतका हसला की स्वतःच घसरून पाण्यात बसला.

एफी हळू चालायची पण थांबायची नाही. थांबायची ती बोलण्यासाठी. मी तिच्या मागे होते, त्यामुळे चाळीस वर्षांचे शनिवार सगळे मला ऐकायला मिळाले. कुठल्या शनिवारी छत गळत होतं आणि प्लंबर डोंगरावर होता. कुठल्या शनिवारी धाकट्याने दात पाडून घेतला. ड्युगी तिच्या एक पाऊल पुढे, अर्धा वळलेला, तिच्या पायांकडे बघत. इथे ठेव, तो दगड हलतो, आता उजवा. एवढंच बोलायचा. कोणत्याही डोंगरावर मी त्याला होकायंत्राशिवाय पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते खिशातून निघालंच नाही.

जसजसं वर गेलो तसतसं धुकं दाट झालं. दहा पावलांपलीकडे काही नाही. कुठूनतरी नर हरणांचं ओरडणं ऐकू यायचं आणि एफी दचकायची.

“हेच का वरचं टोक?” तिने एका उंचवट्यावर विचारलं.

“नाही.”

“हे?”

“नाही गं.”

“आणि तू इतकी वर्षं हेच बघायला येत होतास? पांढरं?”

“बहुतेक वेळा,” ड्युगी म्हणाला.

तिने टोपीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, “निवांत आहे खरं.” मला तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात असं मध्येच कोणी मिठ्या मारत नाही.

शेवटचा चढ मात्र तिला जड गेला. डावा गुडघा वाकेना. लॅकी खालून आधार द्यायला आला तर तिने त्याला दमात घेतलं, “हात कुठे लावतोस, बघून लाव.” ड्युगीने तिच्या दंडाला धरलं आणि दोघं एकेक पाऊल वर गेली. आणि मग धुक्यातून तो ढीग आला. पुरुषभर उंच, ओल्या दगडांचा. आम्ही सगळे ओरडलो.

आमच्यात रीत आहे की शेवटच्या डोंगरावर मित्रांनी चालायच्या काठ्या उंच धरून कमान करायची आणि त्या माणसाने तिच्याखालून जाऊन ढिगाला हात लावायचा. आम्ही दोन रांगा केल्या. ड्युगी वाकून आला, एफी मागोमाग, टोपी सावरत. त्याने ढिगाला तळवा टेकला आणि तसाच उभा राहिला. मॉर्व्हनने व्हिस्की काढली. एफीने फडकं सोडलं आणि डंपलिंगचे जाड काप करून ज्याच्या त्याच्या हातात दिले. पावसात ते लगेच ओलं व्हायचं, तरी इतकं चविष्ट काही मी डोंगरावर खाल्लेलं नाही. लॅकीने स्वतःच्या पार्टीची गोष्ट सुरू केली, अॅकॉर्डियनवाल्यासकट. आम्ही त्याला थांबवलं नाही, एवढे खूश होतो.

ड्युगी ढिगाला पाठ टेकून बसला होता, चष्मा पाण्याने आंधळा झालेला. “झालं,” तो म्हणाला. “झालं एकदाचं.”

आणि त्याच वेळी पश्चिमेकडचं धुकं विरळ झालं.

मी चहा ओतत होते. आधी डोंगराची एक लांब धार दिसली, गवताची, खाली झुकलेली. मग ती परत वर गेली. आणि तिच्या शेवटी, आमच्यापासून अर्ध्या मैलावर, एक टोक उभं होतं. उंच. आम्ही होतो त्यापेक्षा चांगलंच उंच. त्यात शंकेला जागा नव्हती.

मी मॉर्व्हनकडे बघितलं. मॉर्व्हन लॅकीकडे बघत होती. लॅकीची गोष्ट अॅकॉर्डियनवर थांबली होती आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. आम्ही आपापल्या कपात बघायला लागलो.

म्हणायचं तर काय म्हणायचं? बघा, उघडतंय, आणि ते बघा खरं टोक? तो शब्दच आमच्या जिभेवर येत नव्हता. भांड्यांची भीती नव्हती ती, नुसती सवय. पण खरं सांगायचं तर त्या सवयीचं मला तेव्हा बरंच वाटलं. कारण दुसरी गोष्टही आम्हा प्रत्येकाला त्याच क्षणी उमगली होती. टॉशसकट आमच्या अख्ख्या क्लबात बेन ड्रोमाच्या टोकावर आजवर कोणीही गेलेलं नव्हतं. आम्ही सगळे याच ढिगाला हात लावून, भिजून, खुशीत खाली उतरलो होतो. आणि ड्युगी इतका सुखात बसला होता. एफीचा गुडघा पिठाच्या गोळ्यासारखा सुजला होता. धुकं परत येईल, झाकून टाकेल, संपलं. मी मनातल्या मनात वाऱ्याला विनवण्या करत होते.

एफी आपल्या कापाचा शेवटचा तुकडा चावत पश्चिमेकडे तोंड करून उभी होती.

“उघडतंय,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

“काय झालं? सगळ्यांनी भूत बघितल्यासारखे चेहरे का केलेत?” तिने बोट दाखवलं. “आणि ते समोरचं काय आहे? ते उंच दिसतंय.”

ड्युगी उठला. त्याने चष्मा काढला, अंगावर कोरडं काहीच नव्हतं म्हणून डंपलिंगच्या फडक्याला पुसला, परत घातला. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला कळलं हे मला त्याच्या पाठीवरूनच समजलं. खांदे एकदम खाली आले. मग त्याने वळून एफीच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “तो दुसरा डोंगर.”

या माणसाने त्या एका टोकासाठी चाळीस वर्षं वाट बघितली होती, आणि ते असं हातातून सोडून दिलं, जसं कोणी बसमध्ये जागा देतं.

“ड्युगी.”

“काय?”

“कानाला का हात लावलास?”

खरंच त्याच्या डाव्या हाताची बोटं डाव्या कानाच्या पाळीवर होती. त्याने ती झटकन खाली घेतली.

“सासूबाईंनी लग्नाच्या दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या,” एफी आम्हाला म्हणाली. “एक, ह्याला कांदा पचत नाही. दोन, खोटं बोलताना हा डावा कान धरतो. लॅकी, ते काय आहे?”

लॅकी बुटांकडे बघत राहिला.

“पोरी, तू सांग. तुझ्याकडे किल्ली असते ना.”

किल्लीचा आणि याचा काय संबंध, ते मला आजही कळलेलं नाही. पण मला खोटं बोलवेना. “तेच खरं टोक आहे, एफी,” मी म्हटलं. “हे नाही. आम्ही सगळेच चुकलो. कायमच चुकत आलो.”

“मग मला डंपलिंग इथे का कापू दिलंत?”



“एफी, राहू दे,” ड्युगी म्हणाला. “इथवर आलीस ना. मला पुरे आहे. मनापासून सांगतो.” आणि हात कानापाशी नेला नाही. ते खरंच होतं.

एफीने उरलेलं डंपलिंग फडक्यात घातलं, गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. “हे बघ,” ती म्हणाली. “मी शेवटच्याला येईन म्हटलं होतं. शेवटच्याच्या अलीकडच्याला नाही. चल, धर मला.”

ती निघालीसुद्धा. ड्युगी तिच्यामागे अक्षरशः धावला.

अर्धा मैल. धडधाकट माणसाला काहीच नाही. आम्हाला पार दुपार झाली. धुकं अर्ध्या वाटेत परत आलं, पाऊस दुप्पट झाला, आणि या वेळी ड्युगीच्या एका हातात एफी आणि दुसऱ्या हातात होकायंत्र होतं. उताराला ती बसून बसून सरकली. “चांगल्या पँटची वाट लागली,” एवढंच म्हणाली. शेवटच्या चढाला ड्युगी आणि लॅकीने दोन्ही बाजूंनी तिचे दंड धरले, आणि या वेळी लॅकीने हात बघूनच लावला. वर पोचल्यावर जमीन संपली आणि चारी बाजूंनी नुसता वारा लागला. मध्ये गुडघ्याएवढा दगडांचा एक ढीग होता. कोणी तिथे फारसं येत नसावं, त्याच्यावर शेवाळ होतं.

“एवढाच?” एफी म्हणाली.

“एवढाच,” ड्युगी म्हणाला.

आम्ही परत काठ्यांची कमान केली. वाऱ्याने ती दोनदा मोडली. दोघं खालून आली. त्याने एफीचा हात घेतला, आधी तिचा तळवा दगडावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा. मी रडले. आमच्याकडे पावसात कोण रडतंय ते कळत नाही, ही मोठी सोय आहे. मॉर्व्हनही रडत होती हे तिने मला नंतर सांगितलं.

मग एफी मागे वळली. “आणि तुम्ही लोक काय बघताय? तुमचंही राहिलंय ना?”

आम्ही शाळेतल्या पोरांसारखी रांग लावली. एकेकाने पुढे होऊन ओशाळ्या चेहऱ्याने ढिगाला हात लावला. लॅकी सगळ्यांत शेवटी.

“म्हणजे लॅकी,” मॉर्व्हनने हिशेब केला, “तुझे सगळे मन्रो आज झाले. आत्ता. ड्युगीच्या नंतर.”

“म्हणजे मी त्या दिवशी हॉल कशासाठी घेतला होता?” लॅकी म्हणाला.

“परत घे,” ड्युगी म्हणाला. “अॅकॉर्डियनवाला बरा होता.”

एफीने उरलेलं डंपलिंग तिथे वाटलं. सगळ्यांना एकेक घास आला.

उतरायला किती वेळ लागला ते विचारू नका. ओढ्यात ड्युगीने तिला पाठुंगळी घेतलं आणि तिने कोणाकडेही तक्रार केली नाही, यावरून ती किती दमली होती ते समजा. क्वार्टरवर आल्यावर मी तिला स्टोव्हसमोरच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि दोरीवर कोणाचे मोजे आहेत याची चौकशी रद्द केली. मसुरीचं सूप झालं, खिमा आणि कुस्करलेले बटाटे झाले. सगळ्यांची गालफडं लाल, पोटं भरलेली, बाहेर धो धो. यापेक्षा मला आयुष्याकडून फारसं काही नको असतं.

जेवण झाल्यावर लॅकी घसा खाकरून उभा राहिला. “न्यायाधीश महाराज, आज एक गुन्हा झालेला आहे. तोही पळवाट न काढता, स्वच्छ शब्दांत. साक्षीदार अख्खा क्लब.”

एफीला नियम समजावून सांगावा लागला. ती ऐकत राहिली आणि मग तिला इतकं हसू आलं की पिशवी गुडघ्यावरून घसरली.

“ती पाहुणी आहे,” मॉर्व्हन म्हणाली.

“नियमात पाहुणा नाही,” लॅकी म्हणाला. “आणि तिच्यामुळे माझी पार्टी गेली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्या पेचात पडले. टॉशलासुद्धा सूट मिळाली नव्हती, आणि नियम मोडून दिलेला मान एफीला आवडला नसता हेही खरं. पण त्या गुडघ्याने तिला मोरीपाशी उभं कसं करायचं? मी काही बोलायच्या आत तीच खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागली. “कुठे आहेत भांडी? घासते. घरी तरी दुसरं काय करते.”

ड्युगी खिडकीशी गेला. सकाळी उभा होता तिथेच. बाहेर पाइप फुटल्यासारखा पाऊस कोसळत होता, तावदानावर पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पलीकडचं गेटसुद्धा दिसत नव्हतं. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि ते नीट बघून घेतलं.

“उघडतंय,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. एफी खुर्चीतून अर्धवट उठलेली तशीच थांबली आणि नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मीही बघत होते. हात खिशातच होता.

“बरं,” ती म्हणाली. “मग ये इकडे. मी बसून घासते, तू पूस.”

लॅकीने तिची खुर्ची उचलून मोरीपाशी नेली.